नीराबाईची जीभ

आमच्या खारीत भात कधी टाकायचं ते माझी सासू सांगते. शेतातलं पाणी बोटानं जिभेवर घेते, डोळे मिटते, थुंकते आणि बोलते. ती "खारट" म्हणाली की चाळीस घरं गप बसतात. "गोडं झालं" म्हणाली की चाळीस घरं चिखलात उतरतात. तिच्याआधी तिची सासू सांगायची. माझ्या सासूचं, नीराबाईच्या जिभेचं, पार रेवसपर्यंत नाव आहे. मी तळा तालुक्याकडची, डोंगरातली. आमच्या माहेरी पाणी म्हणजे पाणी. लग्न होऊन आले तेव्हा ही बाई चिखलाचं पाणी चाखतेय बघून मला ओकारी आली होती. वीस वर्षं झाली त्याला.

खार म्हणजे खाडीकडून हिसकून घेतलेली जमीन. पलीकडे खाडी, मध्ये मातीचा बांध, त्याला आम्ही बाहेरकाठा म्हणतो, आणि अलीकडे भात. उन्हाळ्यात जमिनीवर मीठ फुलतं. पावसाळ्यात पाऊस ते धुतो आणि ओहोटीला काठ्यातल्या उघाडीचं दार उघडून आम्ही ते पाणी खाडीत सोडतो. मग पेरणी. पाऊस आणि समुद्र आपापल्या जागेवर राहिले की बाकी काही अवघड नाही. पण राहतात कुठं!

यंदा वैशाखाच्या अवसेला उधाण आलं ते काठा फोडून आलं नाही. वरून आलं. चांगदेवमामा म्हणजे माझे चुलत सासरे, काठ्याच्या कामाचे पुढारी. उघाडीच्या दगडावर त्यांच्या बापानं चुन्याची रेघ मारलेली आहे. उधाण कितीही चढलं तरी त्या रेघेवर येत नाही, हे गावाचं वेदवाक्य. मामांनी फाल्गुनात सगळ्यांना कामाला लावून काठा रेघेच्या वर हातभर चढवला होता. त्या दिवशी भरतीला आम्ही सगळे काठ्यावर उभे होतो. वारा नाही, लाट नाही. पातेल्यातलं दूध उतू जावं तसं पाणी शांतपणे काठ्यावरून आत उतरायला लागलं. मामा दगडाकडे बघत होते. रेघ कधीच बुडाली होती.

"आसं व्हत न्हाय," मामा म्हणाले. "आसं कवाच व्हत न्हाय."

पाणी त्यांच्या घोट्यांवरून चाललं होतं आणि ते म्हणत होते होत नाही.

ज्येष्ठात पांढरी चादर पसरली खारीवर. चालताना पायाखाली करकर वाजायची. मृग कोरडा गेला. त्याच दिवसांत आमच्या घरात तो विषय निघाला. माझा नवरा गणराज नागोठण्याकडे एका कंपनीत ठेक्यावर जातो, महिन्यात चार दिवस घरी. या वेळी आला तो दीपेशला घेऊन. दीपेश पनवेलचा, जमिनी घेऊन देतो. पांढरे बूट घालून आमच्या ओटीवर बसला.

"काकी, टेन्शन नको घेऊ," तो सासूला म्हणाला. "जमीन आत्ता आहे तोपर्यंत भाव आहे. उद्या सगळा तिवर उगवला ना, मग कोण हात नाय लावणार. सरकार बोलेल हे जंगल हाय."

त्यात खोटं काही नव्हतं. शेजारची बंदिस्ती, म्हणजे बांधाआतली खार, तीन वर्षं खाऱ्या पाण्यात राहिली. तिथे आता तिवराचं रान झालंय आणि एक फांदी तोडायची बंदी आहे. लोक आपल्याच शेताकडे परक्यासारखे बघतात.

सासू म्हणाली, "आमचं भात हाय तिथं."

"भात कुठाय आये?" गणराज म्हणाला. "मागल्या वरसाला किती झालं? सात महिनं खाल्लं नि दुकानात गेलो. त्याआधी अवकाळीत कापलेलं भात वाहून गेलं. मी सांगतो आता. यंदा शेवटचं वरस. यंदा भात झालं तर मी कवाच नाव काढनार न्हाय. न्हाय झालं तर दीपेशला हो बोलायचं."

"बरं," सासू म्हणाली. इतक्या लवकर ती कधी कशाला बरं म्हणत नाही.

माझं विचाराल तर मला ती जमीन हवी होती. सासूपेक्षा जास्त हवी होती. तीस गुंठे आहे ती, काय राज्य नाही. पण गेली चार वर्षं मी चौलच्या बाजूला मुंबईवाल्यांचे बंगले झाडते, शनिवार-रविवारी त्यांचे टॉवेल धुते. तिथं मला "बाई" म्हणतात, नाव कोणाला माहीत नाही. खारीत मी कोकिळा असते. शेत गेलं की आठवड्याचे सातही दिवस मी बाईच राहणार होते.

आर्द्रा लागल्या आणि पाऊस कोसळला. चार दिवस चार रात्री. उघाडीतून पाणी धो धो खाडीत चाललं. पाचव्या दिवशी सासू पहिली जीभ लावायला उतरली. पहिल्या चाखणीला भात भिजत घालायचं की नाही ते ठरतं. भिजवून, गोणीत दाबून, मोड यायला तीन दिवस लागतात. मग दुसरी जीभ, आणि ती हो म्हणाली की मोड आलेलं भात चिखलात फेकायचं. त्याला आम्ही रहू टाकणं म्हणतो. एकदा मोड आले की ते भात थांबत नाही. टाका नाहीतर सडेल.

"घाला भिजत," सासू म्हणाली. चाळीस घरांतल्या गोण्या ओढ्यात पडल्या. आमची राता भाताची होती. लाल तांदूळ, थोडं खारं सोसणारा. आता गावात तो आमच्याकडेच उरलाय. बाकीचे दुकानातलं बी आणतात.

आणि पाऊस थांबला. असा थांबला की आकाशात ढगाचा कपटा नाही. ज्येष्ठासारखं ऊन. एक दिवस, दोन दिवस. गोण्यांत मोड फुटत होते आणि शेतातलं पाणी आटत होतं.

दुसऱ्या चाखणीच्या दिवशी सकाळी मी वालाचं बिरडं केलं होतं. गडबडीत मीठच घातलं नाही. सासूनं भाकरीबरोबर दोनदा मागून घेतलं. "बरं झालंय," म्हणाली. माझी सासू माझ्या बिरड्याला बरं म्हणते म्हणजे सूर्य खाडीत उगवायचा. मला वाटलं, आज शुभ दिवस म्हणून गोड बोलतेय. मग पेरणीसाठी घरी आलेला गणराज बसला. पहिला घास तोंडात घातला नि ताटाकडे बघत राहिला.

"मीठ सरलं काय घरातलं?"

मी चाखून बघितलं. नुसतं पाणी. मी सासूकडे बघितलं. ती चुलीकडे तोंड करून पायाची नखं बघत होती.

शेतावर सगळे जमले होते. मामा, त्यांची सून, खालच्या आळीची माणसं. सासूनं साडी वर खोचली, पाण्यात उतरली. एका कोपऱ्यात बोट बुडवलं, जिभेवर घेतलं, डोळे मिटले, थुंकली. दुसरा कोपरा. मधोमध. उघाडीजवळ. पाच ठिकाणी. एखाद्या देवळातली बाई असावी असा चेहरा.

ती वळली तेव्हा मी मागे वाकले, उघाडीच्या बाजूचं पाणी बोटावर घेतलं आणि तोंडात घातलं. आधी काही लागलं नाही. मग जिभेच्या कडेला, मागं, हळूच लागलं. खारट होतं. फार नाही. पण होतं. मी थुंकले, तेवढ्यात सासूनं मागे वळून बघितलं.

"गोडं झालं," सासू म्हणाली.

मला तोंड उघडायचं होतं. देवाशपथ उघडायचं होतं. पण काय म्हणणार? चाळीस घरांसमोर, चाळीस वर्षांच्या जिभेसमोर, तळ्याकडच्या डोंगरातल्या सुनेनं म्हणावं की म्हातारीला चव कळत नाही? आणि गोण्या तर उघडल्या होत्या. पांढरे मोड बोटाच्या पेराएवढे झाले होते. शिवाय, खरं सांगते, मला वाटलं पाऊस येईल. एक सर आली की एवढं मीठ कुठल्या कुठं जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी गप बसले.

रहू टाकायला सासूचा हात लागतो पहिल्यांदा. तिनं टोपली कमरेला लावली आणि फेकायला सुरुवात केली. मग सगळी खार उतरली. दुपारपर्यंत कमरा मोडल्या. मामांची सून गाणं म्हणत होती.

पाऊस पंधरा दिवस आला नाही.

सहाव्या दिवशी हिरवं दिसायला लागलं. नवव्या दिवशी पात्यांची टोकं तांबूस झाली. मी रोज संध्याकाळी बंगल्यावरून परत येताना शेतावर उभी राहायचे. अकराव्या दिवशी उघाडीच्या बाजूचं सगळं भात जमिनीवर झोपलं होतं आणि चिखलाला भेगा पडून भेगांच्या कडेला पांढरं दिसत होतं. हात लावला की पातं चुरून जायचं. वरच्या अंगाला थोडं जगलं होतं. मग पुनवेचं उधाण आलं, काठा वैशाखातल्या उधाणानं आधीच खिळखिळा झालेला. उत्तरेच्या बाजूला काठा फुटून वीस हाताची खांड पडली आणि उरलेलं भात खाऱ्या पाण्याखाली गेलं.

तलाठी आला, फोटो काढले. चांगला माणूस होता, चपला काढून चिखलात आला. "पाऊस किती दिवस नव्हता?" "पंधरा." "मग दुष्काळ म्हणावं तर जूनमध्ये अतिवृष्टी लागलीय इथं. आणि हे पाणी तर समुद्राचं. मी लिहितो, पण कशात बसवतील सांगता येत नाही." मामा त्याला म्हणाले, "सायेब, आमी तरी कशात बसतो ते सांगा." तो हसला नाही.

कोणी सासूचं नाव घेतलं नाही. सगळे पावसाला शिव्या देत होते, काठ्याला देत होते. मामा तर स्वतःलाच देत होते, रेघेवर भरवसा ठेवला म्हणून. ते ऐकून मला शरम वाटायची.

वद्य अष्टमीच्या सुमाराला भरतीचा जोर उतरतो, त्याला आम्ही भांग म्हणतो. खांड बांधायची तर त्याच तीन दिवसांत. आमच्याकडे याला जोळ म्हणतात, घरटी एक माणूस आलाच पाहिजे, चुकला तर दंड. पहिल्या दिवशी अकरा माणसं आली. चाळीसातली अकरा! त्यात सहा बायका. बाकीचे कंपनीत, मुंबईला, कोणाची जमीन विकायची ठरलेली. दंड कोणाकडून घेणार?

तीन दिवस आम्ही चिखलाचे गोळे हातोहात दिले. ओहोटीत उतरायचं, कमरेएवढ्या गाळात उभं राहायचं, खालून आलेला गोळा पोटाशी धरायचा, वळायचं, पुढच्याला द्यायचा. शिंपल्यांनी पोटऱ्या कापल्या जायच्या, खाऱ्या पाण्यात झोंबायच्या. रांगेत माझ्या शेजारी सासू होती. वय पासष्ट. मी म्हटलं, "आत्या, तुम्ही वर बसा." तिनं गोळा माझ्या छातीवर आपटला. "घे. बोलू नको."

तिसऱ्या दिवशी दुपारी मधल्या सुट्टीत आम्ही दोघी काठ्याच्या उतारावर भाकरी खात होतो. तेव्हा ती बोलली. माझ्याकडे न बघता.

"कोकिळे, दोन वरसं झाली. जिभेवर कायच लागत न्हाय."

मी घास गिळला.

"तवा ताप आलेला, त्यानंतर गेली. वाटलं, यील परत. आली न्हाय. मागल्या वरसाला चिखलाच्या रंगावरनं सांगितलं, गवतावरनं सांगितलं. पाऊस बरा व्हता, निभावलं." तिनं भाकरीचा तुकडा हातात फिरवला. "यंदा न्हाय निभावलं."

"मला माहीत होतं, आत्या," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. "त्या दिवशी मी पण चाखलं होतं."

"मला म्हाईत हाय. तू थुंकलीस तवा तुझं त्वांड बघितलं मी."

"मग तुम्ही गोडं का म्हणालात?"

"तू का न्हाय बोललीस?"

खाली मामा ओरडले, भरती फिरतेय, चला. आम्ही उठलो आणि पुन्हा गाळात उतरलो. अकरा माणसांनी वीस हाताची खांड बांधली. आजही माझ्या खांद्यातून कळ जाते.

त्याच संध्याकाळी सासूनं माळ्यावरून राताची शेवटची गोणी खाली काढली. ठेवणीचं बी. ते कधी भिजवत नाहीत, पुढच्या वर्षासाठी राखतात. "आता पुढलं वरस कोनाला दिसलंय," म्हणाली. पाऊस पुन्हा सुरू झाला होता, रोज पडत होता, उघाडी वाहत होती. पाच-सहा घरांनी उरलंसुरलं बी भिजवलं. आषाढ संपत आला तरी भात टाकणारा माणूस एक तर वेडा नाहीतर खारीतला. उशिरा टाकलं तरी भात येतं, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. मलाच ते खरं करायचं होतं. गणराजही आला होता. त्याला माहीत होतं या खेपेला काय ठरायचंय.

अवसेच्या आदल्या दिवशी सकाळी पाच-सहा घरांची माणसं शेताच्या कडेला टोपल्या घेऊन उभी राहिली. पाऊस उघडला होता. सासूनं साडी खोचली. मग काय झालं कोणास ठाऊक, ती पाण्यात उतरलीच नाही. सगळ्यांकडे वळली.

"माझी जीभ गेली," म्हणाली. मोठ्यानं, गवळणीला दूध नको म्हणून सांगावं तशा आवाजात. "दोन वरसं झाली. मागल्या पेरनीला मी खोटं बोलले. आता ही चाखील."

मामांच्या सुनेनं टोपली खाली ठेवली. "म्हंजे आमचं बी..." ती म्हणाली आणि थांबली. मामांनी सासूकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. ती नवी नवरी असताना तिचा हात धरून ते लहानपणी या काठ्यावर खेळलेले. "वैनी," एवढंच म्हणाले, आणि मान खाली घातली. त्यापेक्षा त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. सासू तशीच ताठ उभी होती. तिच्या हनुवटीवरची कातडी तेवढी हलत होती.

"जा," ती मला म्हणाली.

मी उतरले. सगळ्यांचे डोळे पाठीवर. गणराज काठ्यावर उभा होता, हातात मोबाइल. पहिला कोपरा. मी बोट बुडवलं, जिभेवर घेतलं, डोळे मिटले. काही लागलं नाही. माझा जीव असा फुलला म्हणून सांगू! दुसरा कोपरा. काही नाही. मधोमध आले. बोट बुडवलं.

लागलं. कडेला नाही, सरळ जिभेच्या टोकावर. उघाडीजवळ गेले, तिथं तर तोंड वाकडं झालं. खांडीतून आलेलं पाणी जमिनीत मुरलं होतं, खालून वर येत होतं. पाऊस वरून धुणार तरी किती?

मी तिथंच वाकून उभी राहिले. एक शब्द. गोडं. म्हटलं असतं तर भात पडलं असतं, दहा दिवस हिरवं दिसलं असतं, गणराज दहा दिवस थांबला असता. कदाचित दिवाळीपर्यंत. आणि कोणाला कळलं असतं? आता चाखणारी मीच होते. पण मामांची सून टोपलीवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. त्या टोपलीत त्यांच्या घरातलं शेवटचं बी होतं.

"खारट हाय," मी म्हटलं. "मधनं खाली सगळं खारट हाय. टाकू नका."

मग एकेकानं टोपली डोक्यावर घेतली. मोड आलेलं भात, आता कोंबड्यांनाच. मामा जाताना माझ्याजवळ थांबले. "खरं बोललीस सूनबाय," म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला रडू आलं नाही. मला राग आला होता, कोणावर ते कळत नव्हतं. समुद्राला शिवी देऊन काय उपयोग?

काठ्यावर गणराजनं मोबाइल कानाला लावला. "हा, दीपेशभाई," म्हणाला. मग आमच्याकडे पाठ केली.

शेतात आम्ही दोघीच राहिलो. सासूनं राताची टोपली उचलली. मला वाटलं घरी न्यायला. तिनं ती कमरेला लावली आणि पाण्यात उतरली. मूठ भरली, हात मागं नेला आणि फेकलं. बी पाण्यावर सारखं पडलं. दुसरी मूठ. ती वरच्या कोपऱ्यापासून नीट पट्ट्यापट्ट्यानं चालली होती, दर वर्षी चालते तशी. जिथं गोडं होतं तिथंही टाकत होती आणि मधोमध आली तरी थांबली नाही.

"आये!" गणराज काठ्यावरून ओरडला. "काय करतेस? कोंबड्यांना घाल ते! मरनार हाय सगळं!"

तिनं मान वळवली नाही. मी आमची दुसरी टोपली घेतली आणि तिच्या शेजारच्या पट्ट्यात उतरले. ओलं, गार भात, मोड एकमेकांत गुंतलेले. मूठ सोडवून फेकावी लागत होती. उघाडीकडे जाता जाता पायाच्या कापलेल्या जागा झोंबायला लागल्या. आम्ही बोललो नाही. अर्धं शेत झालं, पाऊण झालं.

"कोकिळे," सासू म्हणाली. "तुझ्या डावीकडं पातळ पडलंय. परत टाक."

मी मागे गेले आणि परत टाकलं.